दगडाचा अंगठा

दिवाळीचा फराळ संपला, डबे घासून पालथे पडले, की आमच्या घरात बादलीची शोधाशोध सुरू होते. बादली साधीच आहे, पत्र्याची, एका बाजूनं चेपलेली. तिच्यात माझे ब्रश, स्पंज, कापसाच्या पुरचुंड्या, शाईची बाटली असं सगळं बिऱ्हाड असतं आणि पावसाळाभर ती कुठेतरी दडून बसते. यंदा ती जिन्याखाली, कुंड्यांच्या मागे निघाली. "सापडली एकदाची," हे म्हणाले. "म्हणजे आता होळीपर्यंत घरात जेवणाचे वांधे." हे म्हणजे माझे यजमान. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्या बादलीचे हमाल म्हणून रुजू झालेत आणि कुरकुर करण्यात त्यांनी आजवर एकही रजा घेतलेली नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे. शिकवणं सुटलं, पण शिलालेखांचे ठसे घेणं काही सुटलं नाही. देवळाच्या भिंतीवर, बारवेच्या पायरीपाशी, वेशीच्या कमानीत कुठेतरी कोरलेला लेख असतो. त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि अर्धवट वाळला की वरून हलक्या हातानं शाई टेकवायची. दगडाचा सपाट भाग काळा उमटतो, कोरलेली अक्षरं पांढरी राहतात. पुरता वाळला की कागद सोलून घ्यायचा. झाला ठसा. पोळी लाटण्याइतकं सोपं काम आहे, म्हणजे ज्याला येतं त्याला सोपं.

या कामाला हंगाम लागतो, हे मात्र लोकांना पटत नाही. पावसाळ्यात कागद वाळत नाही, भिंतीवरच त्याचा लगदा होतो. उन्हाळ्यात काळा दगड तव्यासारखा तापतो आणि शाई लावायच्या आधीच कागद फडफडत सुटतो. आमचे दिवस म्हणजे कार्तिक ते फाल्गुन. ऊन कोवळं, दगड गार, हवा कोरडी. नगर जिल्ह्यात या दिवसांत रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते आणि सकाळी हरभऱ्याच्या रानातून गेलं तर साडीच्या काठाला आंब लागून आंबट वास दिवसभर सोबत राहतो. तो वास आला की माझा हात आपोआप ब्रशाकडे जातो. सवय, दुसरं काय.

आणि दर वर्षी हे दिवस आले की मला एकच हिवाळा आठवतो, हौसाबाईंचा.

पारनेर तालुक्यात पठारावर ते गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या सकाळी तात्यांचा फोन येईल. शेजारच्या राळेगणनं पाणी अडवायला जगाला शिकवलं, या गावाला वारा अडवायला मात्र कुणी शिकवलं नाही. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात आणि खाली बायका डोक्यावरचा पदर दातात धरून बोलतात. गावाच्या टोकाला महादेवाचं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. गाभाऱ्याच्या दाराशेजारी भिंतीत एक लेख आहे. दर यात्रेला देवळाला चुना लागायचा तसा लेखालाही लागायचा, त्यामुळे तिथं अक्षरं आहेत हे बोट फिरवल्याशिवाय कळत नसे.

तात्या म्हणजे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. पन्नाशीचा गडी, अंगानं आडवा, स्वभावानं उभा-आडवा कसाही न फिरणारा. जीर्णोद्धाराचं त्यांनी मनावर घेतलं होतं. फरशी बसवायची, भिंती घासायच्या, सगळं चकाचक करायचं. पण काम सुरू होण्याआधी त्यांनीच आपणहून मला फोन केला. "मॅडम, दगडावर कायतरी लिवल्यालं हाय. तुमी ठसा घिऊन जावा, मंग आमी कामाला हात घालतो." जीर्णोद्धाराच्या उत्साहात लोक लेखावर टाईल्स ठोकून मोकळे होतात, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. म्हणून या माणसाविषयी मला पहिल्यापासून आदर वाटला, आणि पुढे जे झालं त्यानंतरही तो पुरता गेलेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा लेखाला पाठ लावून एक म्हातारी बसली होती. काटक, कपाळावर मोठं गोंदण, मांडीवर तेलाची बुधली. देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या गुरवाच्या ज्या घराकडे होती, त्या घरातल्या या हौसाबाई. नवरा गेलेला, लेक पुण्याला कंपनीत. त्या देवळाच्या आवारातल्या एका खोलीत राहायच्या आणि दोन्ही वेळचं बघायच्या.

"उठा की मावशी," तात्या म्हणाले. "मॅडम ठसा घ्यायला आल्यात."

"कुनाचा ठसा?"

"ह्या दगडाचा."

"ठसा म्हंजी अंगठाच ना?" हौसाबाईंनी विचारलं आणि पाठ आणखी घट्ट टेकली. "मी न्हाई उठायची."

तात्यांनी हसून बघितलं, समजावून बघितलं, शेवटी आवाज चढवून बघितला. हौसाबाई ढिम्म. मग मी त्यांच्यासमोर खाली बसले. उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, हे मला वर्गात कळलं नव्हतं, देवळांत कळलं.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याचाबी असाच घेतला हुता. मोटारीच्या कनेक्शनचा कागुद हाय म्हनले, लाव अंगठा. लावला त्यानं. देवाची चाकरी करतो म्हनून जे रान हुतं आमच्याकडं, ते त्या अंगठ्यात गेलं. बोलत्या मानसाचा अंगठा घिऊन रान न्हेलं, आता मुक्या दगडाचा घ्याया आले. ह्या दगडात आमच्या घरान्याचं नाव हाय. माझी आजेसासू सांगायची. त्येबी न्हेल्यावर मागं ऱ्हायलं काय?"

ठसा हा शब्द मी आयुष्यभर वापरला. लेखांत वापरला, भाषणांत वापरला, मुलांच्या वह्यांत लाल शाईनं दुरुस्त केला. त्याच्या पलीकडच्या अंगाला अंगठा उभा आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. माझ्या घरात ठसा म्हणजे ज्ञान होतं आणि त्यांच्या घरात ठसा म्हणजे जमीन जाणं. त्यांची चूक आहे असं म्हणायला माझी जीभ काही रेटेना. दोघींचा शब्द एकच, फक्त त्यांच्यावर तो आधी येऊन गेलेला.

सुचलं ते यांनाच. यांनी खिशातून एक नाणं काढलं, डायरीचं पान फाडलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. लहानपणी सगळ्यांनीच केलेला खेळ. नाण्यावर पान धरून पेन्सिल आडवी घासली की आकडा उमटतो. मी घासलं. हौसाबाई मान वाकडी करून बघत होत्या. त्यांनी आधी पान उलटंपालटं केलं, मग नाणं उचलून नखानं टोकरलं.

"नानं तर हितंच ऱ्हायलं."

"राहिलंच."

"मंग कागदानं काय न्हेलं?"

"नुसतं रूप," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ विचार केला. तात्यांनी तेवढ्यात घड्याळ बघितलं, ते त्यांना आवडलं नाही, म्हणून आणखी थोडा विचार केला. मग अटी आल्या. अंगठा घ्यायचा तर रीतसर घ्यायचा. दोन साक्षीदार बसतील. आणि घेणाऱ्याचाही अंगठा कागदावर पाहिजे.

"सही करते मी," मी म्हणाले.

"सही नगं. सही कुनीबी करतं."

तेव्हा त्या ठशाच्या खालच्या कोपऱ्यात, एम. ए. पीएच. डी. झालेल्या माझ्या उजव्या हाताचा अंगठा आहे. पुढे त्याच्या एका प्रतीवर अभ्यासकांची नजर पडली तेव्हा पुण्यातल्या संशोधन संस्थेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं मला काळजीनं विचारलं, "मॅडम, कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय, तो कसा?" मी म्हटलं, डाग नाही, करार आहे. त्याला कळलं नाही आणि मीही फार समजावत बसले नाही.

एकदा ठरल्यावर मात्र हौसाबाईंनी दगड आम्हाला धुऊ दिला नाही. स्वतःच धुतला. पाणी मारून चुना भिजत ठेवला, बांबूच्या काडीनं हळूहळू उकरला. तात्या म्हणत होते, ॲसिड आणतो, मिनिटात निघंल. मी आणि हौसाबाई एकदम "नको" म्हणालो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमचं एकमत झालं. अक्षरांच्या खाचांतला चुना त्या करंगळीच्या नखानं काढत होत्या, लेकराच्या कानामागचा मळ काढावा तशा. काळ्या दगडावर एक एक अक्षर वर येत होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक अक्षराला त्या "हे बग, हे बी हाय" असं म्हणायच्या.

कागद बसवताना वाऱ्यानं छळ मांडला. यांनी वरची दोन टोकं धरली, तात्यांनी खालची, आणि मी स्पंज दाबत मधून बाहेरच्या बाजूला हवा काढत गेले. मग ब्रश. धप धप धप, एका लयीत, सरळ मनगटानं. तिरका घाव बसला की कागद फाटतो. जोर कमी पडला की अक्षर कागदात उतरत नाही. "तू दगड ठोकतेस का माझ्यावरचा राग काढतेस?" यांनी विचारलं. दोन्ही, मी म्हणाले. साक्षीदार म्हणून आलेले दोन म्हातारे खांबाला टेकून तंबाखू मळत होते, ते हसले. कागद अक्षरांत उतरायला लागला की ठोकण्याचा आवाज बदलतो, जरा जड होतो. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, कारण लिहून ते कुणाला ऐकू जाणार नाही.

शाई म्हणजे काजळी आणि डिंक. कापडाच्या पुरचुंडीला ती अगदी कमी लावायची, आधी दुसऱ्या कागदावर टेकवून जास्तीची काढून टाकायची, आणि मग ठशावर नुसतं टेकवत जायचं. इथे घाई करणाऱ्याचं काम फसतं. शाई खाचेत शिरली की अक्षर गेलं, मग ते जन्मात परत येत नाही. वाळेपर्यंत हौसाबाईंनी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली. आम्ही पायरीवर बसून जेवलो. भिंतीवर कागद हळूहळू ताणला जात होता आणि त्यात रांगेनं पांढरी अक्षरं उभी होती.

फोटो का काढत नाही, असं मला सगळे विचारतात. काढते की. मोबाईलमध्ये ढीगभर आहेत. पण फोटोत ऊन दिसतं. सकाळच्या उन्हात जी रेघ वाटते ती दुपारी चीर निघते. ठसा उन्हावर अवलंबून नसतो, तो हातानं चाचपून आलेला असतो. दगडाला जिथं खोली आहे तिथंच तो पांढरा राहतो. मापही दगडाचंच, ना लहान ना मोठं. पुण्यातल्या टेबलावर तो पसरला की मी पुन्हा त्या भिंतीपुढे उभी असते, आणि मी नसेन तेव्हा दुसरं कुणी उभं राहू शकतं. पन्नास वर्षांपूर्वी कुणी घेतलेल्या ठशात दिसणारी अक्षरं आज दगडावर नसतात. पाऊस, चुना, तेल, भाविकांचे हात, यांनी ती खाल्लेली असतात. अशा वेळी दगड खोटा पडतो आणि कागद खरा. हे ऐकून लोक मान हलवतात, पण त्यांना पटलेलं नसतं. दगडावर लोकांचा विश्वासच फार.

नगर शहरातल्या एका जुन्या दर्ग्याच्या कमानीवर फारसी लेख आहे. तिथली अक्षरं कोरून खोल नेलेली नाहीत, उठावदार ठेवलेली आहेत. म्हणून ठशात तिथं सगळं उलटं होतं, भुई पांढरी आणि अक्षरं काळी. तिथले मुजावर चाचा शिडी धरून उभे होते. कागद खाली उतरवून जमिनीवर पसरला तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "सत्तर वर्ष मान वर करून बघितलं, मानच दुखली. आज त्यानं खाली येऊन भेट दिली." असं कुणी बोललं की शिडीवर चढताना गुडघ्यांनी केलेली तक्रार मी विसरते.

पण ठशाचा एक गुण फार वाईट आहे. तो कुणाचं मन राखत नाही.

हौसाबाईंच्या दगडाचा ठसा सुटून हातात आला आणि आम्ही तो सभामंडपात पसरला. गाव जमलं होतं. हौसाबाई पुढे, पदर नीट करून, लग्नात मुलीची आई बसते तशा. मी वाचायला लागले. वर देवाचं नाव. खाली तेलाच्या मापाचं काहीतरी, बरंचसं झिजलेलं. मग एक ओळ अगदी ठसठशीत, जो दीवा लावी तेयासि. म्हणजे, जो दिवा लावील त्याला. त्यापुढे दगडाचा कोपराच उडालेला होता. त्याखाली शेवटी नेहमीचा शाप, हे मोडणाऱ्याला उद्देशून.

"आन आमचं नाव?" हौसाबाईंनी विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. मुद्दाम, सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पाहिलं. नाव कुणाचंच नव्हतं. गुरवाचं नाही, पाटलाचं नाही. एखादं नाव त्या उडालेल्या कोपऱ्यात असू शकेल असं म्हणणं मला सोपं होतं. म्हातारीचा चेहरा बघून ते ओठांवर आलंही. पण ओळ मोजून बघितली तर त्या कोपऱ्यात जेमतेम दोन-तीन अक्षरं मावत होती, आणि जे नाही ते आहे असं म्हणायला मी हा कागद काढलाच नव्हता.

"नाव नाहीये, हौसाबाई," मी म्हणाले. "जो दिवा लावील त्याला, एवढंच आहे. काय द्यायचं ते फुटलंय."

"काय द्यायचं त्येच फुटलं व्हय?" त्या म्हणाल्या. मग उठल्या. "आमच्या पिढ्या गेल्या ह्या दगडाला धरून. तुमी आला नसता तर नाव हुतं आमचं." आणि आपल्या खोलीकडे निघून गेल्या. निघताना आम्ही दारात उभे राहिलो, पण त्या बाहेर आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. गाडीत यांनी एकदाही कुरकुर केली नाही, त्यावरून त्यांनाही वाटलं असावं. मी दोन ठसे घेतले होते. एक संस्थेत गेला, दुसरा माझ्या कपाटावर नळकांड्यात राहिला. पुढच्या हिवाळ्यांत आम्ही इतरत्र हिंडलो. शेवगावकडे गेलो, नेवाशाकडे गेलो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गाडी अडकली की बैलांच्या घंटांचा गलका कानात घेऊन बसून राहिलो. त्या पठाराकडे मात्र पाय वळला नाही.

यंदा बादली सापडली आणि त्याच आठवड्यात फोन आला. आधी दिवाळीच्या सुटीला आलेल्या नातीचा आवाज, "आजी बोलतीय, धरा." मग वाऱ्याची घरघर आणि हौसाबाई.

"बाई, तो दगडाचा अंगठा हाय का तुमच्याकडं अजून?"

"आहे."

"मंग घिऊन या. बिगीनं या."

काय झालं ते हळूहळू कळलं. जीर्णोद्धार झाला होता. फरशी बसली, भिंती घासल्या गेल्या. लेखाला तात्यांनी धक्का लावू दिला नव्हता, एवढा शब्द त्यांनी पाळला. पण मधल्या वर्षांत अक्षरांत पुन्हा चुना भरला होता, आणि अक्षरं दिसावीत म्हणून पेंटर बोलावून ती सोनेरी ऑईलपेंटनं भरून घेतली होती. पेंटरनं जीव ओतून काम केलं. जिथे अक्षर दिसलं तिथे भरलं, जिथे दिसलं नाही तिथे अंदाजानं भरलं. 'दीवा' मधल्या दीर्घ वेलांटीची वरची कमान तेवढी त्याला दिसली होती, उजवीकडे खाली येणारी रेघ चुन्यात बुजलेली. त्यानं कमान जरा सरळ केली, आणि झाली मात्रा. आता दगडावर, सोन्याच्या अक्षरांत, लांबूनही वाचता येईल असं लिहिलं होतं: जो देवा लावी तेयासि.

एका मात्रेनं हौसाबाईंची खोली जाणार होती. कमिटीनं ठरवलं होतं की शिवरात्रीनंतर बाहेरगावचा शिकलेला पुजारी आणायचा, आणि खोली मंडपाचं सामान ठेवायला घ्यायची. म्हातारीनं पुण्याला लेकाकडे जावं. तिनं विचारलं, पिढ्यांची चाकरी, तिचं काय? तर तात्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

आम्ही गेलो तेव्हा कमिटी सभामंडपात बसलेली होती. नवी फरशी गार आणि गुळगुळीत, पायाला सरकणारी. हौसाबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

"मावशी, राग मानू नका," तात्या समजुतीच्या सुरात सांगत होते. "आमी काय पदरचं बोलत न्हाई. दगडच म्हनतोय की. देवा लावी तेयासि. देवाला जो लावंल, त्याचं. आन देवाला गावानं लावलंय. फरशी लावली, रंग लावला, कळस लावला."

वाचन चुकीचं होतं, पण ऐकायला किती चोख! मला क्षणभर कौतुकच वाटलं. असले चतुर अर्थ काढणारे विद्यार्थी मला मिळाले असते तर मी आणखी वर्षभर नोकरी केली असती.

मी नळकांड्यातून ठसा काढला आणि फरशीवर पसरला. दोन टोकांवर यांनी हात ठेवले, उरलेल्या दोन टोकांवर कुणीतरी आपले मोबाईल ठेवले. काळ्या कागदावर ती ओळ तशीच होती, त्या हिवाळ्यात हौसाबाईंच्या नखानं मोकळी केलेली. आता तिथं पुन्हा ठसा घेता आला नसता. खाचा रंगानं भरून गेल्या होत्या, कागद उतरणार कुठे? त्या दगडाजवळ जे खरं होतं, ते आता त्याच्याकडे उरलेलं नव्हतं.

तात्या उकिडवे बसले. चष्मा लावून त्यांनी ओळीवर बोट फिरवलं. मग उठून भिंतीपाशी गेले, तिथे बोट फिरवलं, परत आले, पुन्हा बसले.

"मॅडम, ही तर वेलांटी हाय."

"आहे."

"आन तिथं मात्रा हाय."

"तिथं पेंटर आहे," मी म्हणाले.

कमिटीतला एक तरुण सदस्य म्हणाला, "बरं, दिवा तर दिवा. त्यात काय? आता आत लाईट हाय की चोवीस तास. कुनी लावावा लागतच न्हाई."

"बाळा," हे म्हणाले, "मी जन्मभर वीजखात्यात काढला. चोवीस तासांचं तू मला तरी सांगू नकोस." सगळं देऊळ हसलं, तो सदस्यही हसला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून कागदापाशी आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"ह्यात दिवा कुठं हाय, दावा मला."

मी त्यांचं बोट धरून दोन अक्षरांवर ठेवलं.

"आन पुढं?"

"लावी तेयासि. लावील त्याला."

"आन त्याच्या फुडं फुटलंय."

"फुटलंय."

"म्हंजी त्याला द्यायचं काय, ते दगडालाबी ठावं न्हाई." त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "मंग मीबी काय मागत न्हाई. रान मागत न्हाई, नाव मागत न्हाई. नाव न्हवतंच म्हनं आमचं. तात्या, तू मला फकस्त येवढं सांग. हितं दिवा कोन लावतं?"

खरं तर हे उत्तर तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ते द्यायला कुणी तयार नव्हतं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"तुमीच, मावशी," ते म्हणाले. मग मागे वळून कमिटीला म्हणाले, "खोलीचा विषय काढून टाका. पुजाऱ्याचाबी."

त्या तरुण सदस्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या होत्या. सोबत आणलेली तेलाची बुधली त्यांनी उचलली. आम्ही सगळे त्यांच्या आणि गाभाऱ्याच्या मध्ये मांडी ठोकून बसलेलो.

"सरका की मंग," त्या म्हणाल्या. "तेल घालायचं ऱ्हायलंय."